दरबारातला आवाज

सावंतवाडीचा राजवाडा पाहायला येणारी मंडळी गंजिफा पाहतात, मोती तलावाकाठी फोटो काढतात आणि पुढे गोव्याला जातात. दरबार हॉल कानांनी पाहणारे थोडेच. आम्हा मास्तरांचे कान मात्र आधी तिकडेच वळतात!

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरू घातलेली गंजिफाची कला वाचवायचे मनावर घेतले. वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, आणि कारागिरांना बसायला जागा दिली ती थेट दरबारात. दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. त्यावर कुंचला चालवायचा म्हणजे श्वासही जपून घ्यायचा. उंच छताच्या दालनाला असले मुके काम मानवते. तिथेच दहा कारकून, चार फोन आणि खुर्च्या सरकवण्याचा खरखराट आणून बघा.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान कळेनासे झाले. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री-रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजले. दालन जेवढे मोठे तेवढा आवाज रेंगाळतो, आणि गाद्या, पडदे, माणसे जेवढी जास्त तेवढा लवकर विरतो. आवाज गिळण्याचे त्याचे माप काय होते? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे वाचले तेव्हा आपले जुने दिवाणखाने आठवले. तिथे जाजम, गाद्या, तक्के, लोड, पडदे आणि दाटीने बसलेली माणसे असत. खिडक्या उघड्या. आपण वास्तू ठेवली, बैठक उचलली. खाली फरशी, वर लोखंडी कपाटे आणि एसीसाठी खिडक्या बंद. मग भिंतींना दोष देतो. (जांभ्याची उघडी भिंत निदान खडबडीत तरी असते, गुळगुळीत गिलावा आवाज तसाच परत धाडतो.)

माझे काही वर्ग अशाच एका जुन्या वाड्यात भरत. पलीकडचे पाढे अलीकडे येत. मागच्या बाकावरून हाक यायची, "गुरुजी, काय आयकाक येणा नाय!" मी आवाज चढवला की शेजारचे गुरुजीही चढवत. संध्याकाळी दोघांचेही घसे बसलेले. हुशार पण मागे बसणारी किती पोरे त्या गोंगाटात 'ढ' ठरली असतील, हा विचार अजून सोडत नाही.

हल्ली अशा वास्तूत कचेरी आली की पहिल्यांदा खोटे छत ठोकतात. तुळया झाकल्या जातात, खिळ्यांनी लाकूड फाटते. त्यापेक्षा जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर जाड कापडाचे पडदे, खुर्च्यांच्या पायांना रबर, फोनवाल्यांना वेगळी खोली. उद्या कचेरी हलली तर सगळे गुंडाळून नेता येते, वाडा होता तसा राहतो. खर्चही फारसा नाही, म्हणूनच बहुधा कंत्राटदार सुचवत नसावेत.