आलमगिराचा उजवा गुडघा

सातारा आणि परळी हे किल्ले घेऊन इ.स. १७०० च्या पावसाळ्यात औरंगजेबाने माण नदीकाठी खवासपूरला तळ दिला. ऑक्टोबरच्या आरंभी, रात्रीच्या वेळी, नदीला अकस्मात पूर आला. छावणीत हाहाकार उठला. मराठेच चालून आले, अशा समजुतीने एक्याऐंशी वर्षांचा बादशहा घाईने उठला, अडखळून पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला.

निखळलेला सांधा बसवणे हे अर्धेच काम. पुढे पाय स्थिर ठेवणे, मग सांध्याची हालचाल आणि मांडीच्या स्नायूंचे बळ हळूहळू परत मिळवणे, याला महिने लागतात. इथे दरबारी वैद्यांना सांधाही नीट बसवता आला नाही. बादशहा कायमचा लंगडू लागला. खुशमस्कऱ्यांनी त्यावरही तोड काढली: हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! (१९४१ मध्ये समरकंद येथील कबर उघडली, तेव्हा तैमूरचाही उजवाच पाय अधू असल्याचे दिसले. खुशामत नकळत अचूक ठरली.)

विश्रांती मात्र त्याने घेतलीच नाही. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा... मोहिमा चालूच राहिल्या. १७०२ च्या पावसात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना अवघ्या तीस मैलांना फौजेला अडतीस दिवस लागले.

१७०६ च्या जानेवारीत हा लवाजमा अहमदनगरला पोहोचला. वर्षभराने, १७०७ मध्ये, नगरलगतच्या भिंगार येथील छावणीतच औरंगजेबाचा मृत्यू झाला. दिल्ली त्याने पुन्हा पाहिली नाही.