पाचशे चार जादा नळ्या



"तू इंजिनियर आहेस ना, मग विज्ञानाच्या इतिहासावर काहीतरी लिही," असं फर्मान स्मरणिका समितीनं काढलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की इंजिनियर आणि शास्त्रज्ञ यांत आपल्याकडे अजूनही कुणी फरक करत नाही. आमच्या घरीही तेच. मिक्सर बंद पडला की मला हाक, आणि ग्रहण कधी सुटणार हेही मलाच विचारायचं. मी सॉफ्टवेअरवाली; मला दोन्हीतलं काही येत नाही.

फरक मात्र आहे, आणि तो मला पहिल्यांदा कळला तो आपल्याच प्रयोगशाळेत. दहावी, १९९५. ओहमच्या नियमाचा प्रयोग. एका टेबलावर मी आणि माझी एक मैत्रीण (नाव छापू नकोस असं तिनं बजावलंय, पण तुम्ही ओळखालच). तारेचं वेटोळं, बॅटरी, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर. पाच वाचनं घेतली. आलेखावर चार बिंदू शहाण्या मुलांसारखे एका रेषेत बसले, पाचवा जरा खाली घसरला. मी पेन्सिल बोथट केली आणि जाडसर रेषा ओढली. "आला बघ रेषेत." ती मात्र त्या बिंदूकडे बघत बसली. "पण हाच खाली का आला?" मग तिनं वेटोळ्याला बोट लावलं. "अगं, तार गरम झालीय!" तार तापली की तिचा रोध वाढतो. बाईसाहेबांनी बॅटरी सोडवली, तार गार व्हायची वाट बघितली, पुन्हा वाचन घेतलं. बिंदू रेषेवर आला. तेवढ्यात घंटा झाली. माझ्या जर्नलवर सरांचा शेरा "छान", तिच्या जर्नलवर "अपूर्ण".

ती पुढे भौतिकशास्त्रात गेली, मी इंजिनियरिंगला. सर, तीस वर्षांनी कबूल करते, ती रेषा जाड होती.

असाच वाद जगात एकदा फार मोठ्या टेबलावर झाला होता. त्याची गोष्ट मला इतकी आवडते की कामाच्या ठिकाणी नव्या मुलांना मी ती हमखास ऐकवते. आज तुमची पाळी.

२ डिसेंबर १९४२. शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या एका स्क्वॉश कोर्टात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम हातानं रचून जगातली पहिली अणुभट्टी चालू करून दाखवली. त्या दिवशी तिची ताकद होती अर्धा वॅट. टॉर्चचा बल्बसुद्धा नीट पेटला नसता. पण शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं काम झालं होतं. साखळी क्रिया चालते हे सिद्ध झालं होतं.

इंजिनियरच्या दृष्टीनं काम आता सुरू होणार होतं. युद्ध चालू होतं, अमेरिकेला प्लुटोनियम हवं होतं, आणि त्यासाठी अर्ध्या वॅटवरून थेट २५ कोटी वॅटवर उडी मारायची होती. हे काम दिलं ड्यूपाँट या रसायनं बनवणाऱ्या कंपनीला. पहिल्या महायुद्धात दारूगोळा विकून नफा कमावल्याचा ठपका कंपनीवर होता, म्हणून तिनं या कामाचा मोबदला घेतला फक्त एक डॉलर. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड इथं जागा ठरली.

आणि मग सासू-सुनेचं सुरू झालं.

शिकागोत युजीन विग्नर यांच्या गटानं भट्टीचा आराखडा तयार केला होता. त्यांना वाटत होतं, गणित झालंय, आता बांधा. जर्मनी आपल्या पुढे असेल, एकेक दिवस मोलाचा आहे. ड्यूपाँटचे इंजिनियर मात्र ड्रॉइंगवर ड्रॉइंग काढत बसले. एकेक ब्लूप्रिंट तपासायला शिकागोला जायची. पंपाची वीज गेली तर? वाफेवर चालणारे पंप ठेवा. तेही बंद पडले तर? उंचावर पाण्याच्या टाक्या ठेवा. शास्त्रज्ञांना हे सगळं म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. गंमत अशी की हे विग्नर स्वतः शिकलेले केमिकल इंजिनियर. वडील चामड्याचा कारखाना सांभाळायचे, मुलानं तिथं यावं म्हणून त्यांनी त्याला ते शिक्षण दिलं. मुलगा पळाला भौतिकशास्त्रात. पुढे १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. घरचा माणूस पक्ष बदलून गेला की भांडण जरा जास्तच रंगतं, हे आपल्याला माहीत आहेच.

सर्वांत मोठी कटकट झाली नळ्यांवरून. भट्टी म्हणजे ग्रॅफाइटचा एक अवाढव्य ठोकळा, त्यात आडव्या आरपार अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांत युरेनियमच्या कांड्या आणि त्यांच्याभोवतीनं वाहणारं नदीचं पाणी. विग्नर यांच्या हिशेबानं नळ्या लागणार होत्या १,५००, गोलाकार रचनेत. पण ठोकळा होता चौकोनी. चौकोनी डब्यात गोल भाकरी ठेवली की चार कोपरे मोकळे राहतात ना, तसे इथेही राहिले. ड्यूपाँटचे जॉर्ज ग्रेव्ह्ज म्हणाले, त्या कोपऱ्यांतही नळ्या घाला. आणखी ५०४. एकूण २,००४.

कशासाठी? तर असू द्यात म्हणून! आजवर कुणी बांधलीच नाही अशी गोष्ट आपण बांधतोय, काही ना काही चुकणारच; काय चुकेल ते माहीत नाही, म्हणून जादा ठेवा. रसायनांच्या कारखान्यांत घडलेल्या माणसाचा हा जन्माचा धडा. शास्त्रज्ञांच्या कानाला मात्र हे अपमानासारखं लागणारं. आमच्या गणितात चूक कुठे आहे ते दाखवा, नाहीतर ५०४ भोकं उगाच पाडू नका! जादा नळ्या म्हणजे जादा पाइप, जादा झडपा, जादा खर्च आणि मुख्य म्हणजे जादा दिवस. तरी कंपनी हटली नाही. कोपरे भरले.

२६ सप्टेंबर १९४४. हॅनफर्डची 'बी' भट्टी रात्री अकराच्या आत चालू झाली. फर्मी हजर, ड्यूपाँटचे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हजर. मध्यरात्रीनंतर ताकद वाढवली, सगळे खूश. आणि काही तासांत ती आपोआप उतरू लागली. नियंत्रणाचे दांडे बाहेर ओढले तरी उतरतच गेली. २७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत भट्टी पूर्ण थंडावली. पाणी गळतंय का? नाही. नदीच्या पाण्यातून काही आलं का? तसंही दिसेना. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी काही दुरुस्त न करता, भट्टीत पुन्हा जीव आला! चालवली, तर पुन्हा तेच रडगाणं.

आपल्यातल्या प्रत्येकानं हा अनुभव घेतलाय. टीव्ही बंद पडतो, मेकॅनिक आला की सुरू होतो, तो गेला की पुन्हा बंद. आपण काय करतो? टीव्हीला एक चापट मारतो. हॅनफर्डला जॉन व्हीलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ मुक्कामाला होते. त्यांनी विचारलं, बंद पडायला किती तास लागले आणि परत यायला किती? त्या तासांच्या नक्षीतच उत्तर दडलं होतं. युरेनियमचा अणू फुटला की जे तुकडे होतात, त्यांत एक प्रकारचं आयोडीन तयार होतं. साडेसहा-सात तासांत त्यातलं निम्मं बदलून झेनॉन होतं. हा झेनॉन न्यूट्रॉनचा जबरदस्त खादाड; इंधनाच्या अणूपेक्षा हजारो पटींनी भुकेला. न्यूट्रॉन खाल्ले की साखळी तुटते, भट्टी थंडावते. मग नऊएक तासांत निम्मा झेनॉनही विरतो, तो कमी झाला की भट्टी पुन्हा डोळे उघडते. अर्ध्या वॅटच्या भट्टीत झेनॉन इतका थोडा की तो कुणाच्या लक्षातच येणार नाही. भट्टी मोठ्या ताकदीनं चालली, म्हणूनच तो तिच्या मुळावर आला. तार तापली म्हणून बिंदू घसरला, तसंच.

आता उपाय काय? जास्त इंधन घाला, म्हणजे झेनॉननं खाऊनही न्यूट्रॉन उरतील. पण जास्त इंधन घालणार कुठे? कोपऱ्यांतल्या त्या ५०४ नळ्यांत! जोडण्या पूर्ण करून त्या भरल्या, आणि डिसेंबर १९४४ च्या अखेरीस भट्टी नीट चालायला लागली. ठोकळ्याला १,५००च भोकं असती, तर तो मोडून नवा रचावा लागला असता.

आमच्या जमातीत ही गोष्ट इथेच संपवतात. टाळ्या, इंजिनियर जिंकले, चहा आणा. मीही बरीच वर्षं इथेच संपवायची. एकदा फोनवर त्या मैत्रिणीला मोठ्या दिमाखात ऐकवली, तर ती शांतपणे म्हणाली, "आणि व्हीलर नसते तर त्या नळ्यांचं तुम्ही काय केलं असतं गं?"

मला उत्तर सुचलं नाही. ग्रेव्ह्ज यांना झेनॉन माहीत नव्हता. व्हीलर यांनी मात्र, फुटलेल्या तुकड्यांतून न्यूट्रॉन खाणारं काही तयार होईल, ही शंका बरीच आधी मांडून ठेवली होती. म्हणून तर ते इतक्या लवकर गुन्हेगारापर्यंत पोचले. कारण कळलं नसतं, तर रिकाम्या नळ्या भरायच्या की सगळे पाइप उखडायचे, हे कुणाला ठरवता आलं असतं? आपल्याला सगळं माहीत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकानं त्या अज्ञानासाठी जागा राखून ठेवली, दुसऱ्यानं ते अज्ञान खोदून काढलं.

हे मला इतकं झोंबलं त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालची एक सिस्टिम रोज पहाटे तीनला मान टाकायची; मेमरी भरत जायची. मी दोन वाजता सिस्टिम आपोआप बंद करून चालू करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि शांत झोपले. एक-दोन नव्हे, अकरा महिने! टीममधल्या एका नव्या मुलानं विचारलं होतं, "मॅडम, पण मेमरी भरते का?" मी म्हटलं, "चालतंय ना? हात लावू नकोस." मग दिवाळीच्या खरेदीची गर्दी आली आणि सिस्टिमनं भर दुपारी दोनला मान टाकली. ग्राहकांचे पैसे अडकले, त्या मुलाची भाऊबीज ऑफिसात गेली. मूळ चूक त्यानंच शोधली. माझी स्क्रिप्ट म्हणजे पुन्हा तीच जाड रेषा होती. उत्तर शोधायला तिनं मला अकरा महिन्यांची मुदत दिली होती, ती मी झोपेत घालवली. त्या मुलाची मी माफी मागितली. टीमसमोर मागायला हवी होती, ती एकट्यात मागितली, हे अजून टोचतं.

झेनॉन आज प्रत्येक अणुभट्टी चालवणाऱ्याच्या हिशेबात असतो, आपल्या तारापूरलाही. पण कारण कळलं म्हणून राखीव जागा खाऊन टाकली तर काय होतं, तेही जगानं पाहिलंय. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलला घसरलेली ताकद झेनॉनमुळे वर येईना, ती वर आणायला नियंत्रणाचे बहुतेक सगळे दांडे बाहेर ओढले गेले. सुरक्षेसाठी राखलेलं अंतरच संपलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आणि एक गोष्ट, जी नव्या मुलांना सांगताना मी पूर्वी गाळायची. हॅनफर्डचं प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडलं. त्या वाळवंटात राबणाऱ्या हजारो कामगारांपैकी बहुतेकांना आपण काय बांधतोय हे माहीतही नव्हतं. "किती जादा ठेवू?" हा इंजिनियरचा प्रश्न झाला, "असं का होतं?" हा शास्त्रज्ञाचा. "कशासाठी?" हा तिसरा प्रश्न दोघांनाही उशिरा सुचला. जुलै १९४५ मध्ये लिओ झिलार्ड यांनी राष्ट्राध्यक्षांसाठी एक विनंतीपत्र लिहिलं, जपानला अटी जाहीरपणे सांगून शरण येण्याची संधी दिल्याशिवाय बॉम्ब वापरू नका म्हणून. सत्तर जणांनी सह्या केल्या, त्यांत विग्नरही होते. पण त्या वेळेपर्यंत भट्ट्या उत्तम चालत होत्या. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण खिडकीबाहेर बघायचो. तिसरा प्रश्न बहुधा तिथेच शिकवत होते.

असो. स्नेहमेळाव्याच्या जेवणाची ऑर्डर द्यायचं काम आम्हा दोघींकडे आलंय. नावं आलीत ८६. मी म्हटलं, शंभर पानं सांगू. ती म्हणाली, "चौदा जादा का? कोण येणार आहेत ते?" मी म्हटलं, "माहीत नाही, म्हणूनच." ती आता यादी घेऊन एकेकाला फोन करतेय. तेव्हा फोन आला तर उचला, आणि नाव दिलं नसेल तरी या. पान वाढलेलं असेल.

आणि सर, तुम्ही येणार आहातच. तिचं ते जर्नल तिनं जपून ठेवलंय, येताना घेऊन येणार आहे. तीस वर्षं उशिरा का होईना, तेवढा "अपूर्ण" खोडून द्या. माझा "छान" काढून तिला दिलात तरी माझी तक्रार नाही.