नदीच्या मागून जाताना : नांदेड–लातूरच्या खोऱ्यांची सहल

सुटीत सहकुटुंब कोठे जावे, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे महाबळेश्वर, पन्हाळा, वेरूळ-अजिंठा ही नावे पटकन पुढे येतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत मनुष्य येतो तो बहुधा कामासाठी, लग्नकार्यासाठी किंवा दर्शनासाठी. आणि दर्शन आटोपले की परतीच्या गाडीची वेळ पाहू लागतो. येथे पाहण्यासारखे काही नाही, असा समज बाहेरच्यांनी करून घेतला आहे आणि आपणही तो मुकाट्याने मान्य केला आहे. हा समज चुकीचा आहे, एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. येथील स्थळे एकेकटी पाहिली तर ती लहान वाटतात, नदीच्या अनुरोधाने पाहिली म्हणजे त्यांचा अर्थ लागतो, हे आम्हांस या लेखात दाखवावयाचे आहे.

सहल आखताना आपण रस्त्यांचा नकाशा उघडतो. तो क्षणभर बाजूस ठेवून नद्यांचा नकाशा पाहावा. गोदावरी पश्चिमेकडून येते, नांदेड शहरास वळसा घालते आणि धर्माबादेवरून तेलंगणात उतरते. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. ती लातूर जिल्ह्यातून जाते, बीदरकडे उतरते, तेलंगणात शिरते आणि तेथून आश्चर्यकारक रीतीने उत्तरेस वळून, सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कुंडलवाडी-कंदकुर्तीच्या परिसरात गोदावरीस मिळते. लातूरचे पाणी नांदेडच्या वेशीवर येते खरे, पण तीन राज्ये हिंडून येते. तिसरी पैनगंगा. ती नांदेडच्या उत्तर सीमेवरून वाहते, परंतु या जिल्ह्यात गोदावरीस मिळत नाही. वर्धा आणि प्राणहिता यांच्या वाटेने ती दूर सिरोंच्यापाशी तिला जाऊन मिळते. या तीन नद्या म्हणजेच आपल्या सहलीचे तीन मार्ग.

पहिला मार्ग गोदावरीचा. नांदेडचे नाव नवे नाही. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात ‘नांदीकड’ या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि ते आजचे नांदेड होय, असे विद्वानांनी ठरविले आहे. म्हणजे दीड हजारांहून अधिक वर्षे हे गाव नदीच्या काठी नांदत आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी बादशहा बहादूरशहाच्या दक्षिणेतील स्वारीच्या वेळी येथे आले. याच गोदातीरी माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबच्या इतिहासात गाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरुजींचे येथे देहावसान झाले. आज जे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आपण पाहतो, ते महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविले. एका पंजाबी राजाने आपल्या राज्यापासून शेकडो कोस दूर, निजामाच्या मुलुखात एवढी वास्तू उभारावी, ही घटना सामान्य नव्हे. गुरुद्वारा पाहून झाल्यावर प्रवाशाने लगेच बाजाराकडे वळू नये. बंदाघाट, नगीनाघाट आणि नंदगिरीचा किल्ला नदीच्या बाजूने पाहावेत. किल्ला पात्राला इतका चिकटून का बांधला, याचे उत्तर तेथे उभे राहिल्यावर कोणास विचारावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कंधारास जावे. नांदेडहून अंतर सुमारे ५० किलोमीटर, आणि नदी मन्याड. ती पुढे मांजरेस मिळते. कंधारचा भुईकोट राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत मागे जातो आणि तिसऱ्या कृष्णाशी (इ. स. ९३९–९६७) त्याचा संबंध जोडला जातो. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राजधानी मान्यखेटास गेल्यावरही हे बिरुद त्यांनी सोडले नाही. आणि हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर. तेव्हा कंधार आणि लातूर ही आज दोन जिल्ह्यांत पडलेली गावे हजार वर्षांपूर्वी एकाच घराण्याच्या अभिमानाची स्थाने होती. कंधारात किल्ल्याच्या तटांइतकाच महत्त्वाचा आहे तो ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा तलाव. एका जलाशयास ‘समुद्र’ म्हणण्याचे धाडस ज्या लोकांनी केले, त्यांना पाण्याचे मोल ठाऊक होते. किल्ल्याचा खंदक, गावाजवळचा तलाव आणि बाजूची नदी ही तिन्ही मिळून एक योजना आहे. आपण मात्र तट पाहतो, छायाचित्र काढतो आणि तलावाकडे पाठ करून परततो.

दुसरा मार्ग मांजरेचा. मुक्काम लातुरास करावा. तेथून औसा २० किलोमीटरांवर आहे, तर उदगीर सुमारे ६५ किलोमीटरांवर. औशाचा भुईकोट दुहेरी तटाचा आणि रुंद खंदकाचा. त्याच तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. वेरूळसारख्या कठीण काळ्या दगडात नव्हे, तर जांभ्याच्या खडकात ती कोरलेली असल्यामुळे झिजली आहेत, तरीही पाहण्याजोगी आहेत. उदगीरचा किल्ला बालाघाटाच्या कड्यावर उभा आहे. शहाजहानच्या सैन्याने १६३६ साली उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले. परंतु मराठी माणसास उदगीर आठवते ते ३ फेब्रुवारी १७६० च्या विजयासाठी. उदगीरहून धारूरच्या रोखाने निघालेल्या निजामाच्या सैन्यास सदाशिवरावभाऊंनी औशाच्या परिसरात कोंडले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तेव्हा भाऊंच्या बाजूस होता. दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी आणि ६० लाखांचा मुलूख मराठ्यांच्या पदरी पडला. पुरते वर्ष लोटण्यापूर्वीच, १४ जानेवारी १७६१ रोजी, तोच सेनापती पानिपतावर पडला. उदगीरच्या बुरुजावर उभे राहिले म्हणजे यश आणि अपयश यांत किती थोडे अंतर असते, हे पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळते.

तिसरा मार्ग पैनगंगेचा, आणि तो पावसाळ्यासाठी राखून ठेवावा. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा नांदेडहून सुमारे १०० किलोमीटरांवर, यवतमाळच्या सीमेवर आहे. काळ्या कातळावरून नदी अनेक धारांनी कोसळते, म्हणून हे नाव. श्रावण-भाद्रपदात जावे, कडक उन्हाळ्यात गेल्यास केवळ कातळ दिसेल. वरच्या अंगास इसापूरचे धरण असल्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी धारही कमीच असते, हे ध्यानात ठेवून स्थानिक चौकशी करावी. मुले बरोबर असतील तर कातळाच्या कडेपासून दूर राहावे. पुढे उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे पाहून माहुरास जावे. रेणुकामाता, दत्तशिखर, जुना गड आणि पांडवलेणे यांसाठी एक पूर्ण दिवस हवा.

येथवर वाचणारे कदाचित म्हणतील की, ही तर ठीक सहल झाली; मग नदीचा एवढा आग्रह कशासाठी? त्याचे कारण आता सांगतो.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोहोचली आणि लातूरची बाजारपेठ भरभराटीस आली. जवळजवळ शंभर वर्षांनी हा लोहमार्ग रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्ये त्याच मार्गाने मिरजेहून एक निराळीच गाडी आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि राष्ट्रकूटांनी ज्याचे नाव बिरुदात मिरविले त्या शहरास कृष्णाकाठचे पाणी ३०० किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आगगाडीने आणावे लागले. नांदेडची कथा थोडी निराळी आहे. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यातून पाणी वर उचलून शेतीस आणि शहरास दिले जाते; पण वरच्या अंगाची धरणे भरली तरच हा बंधारा निश्चिंत. खाली बाभळीचा बंधारा श्रीरामसागराच्या जलविस्तारात येत असल्याने दोन राज्यांत वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला, त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे असतात. पूर वाहून जातो आणि दरवाजे मिटतात ते पाऊस संपल्यावर.

म्हणून आमचे सांगणे असे की, ही खोरी एकदाच पाहू नयेत, दोनदा पाहावीत. भाद्रपदात सहस्रकुंड आणि भरलेली गोदावरी पाहावी. आणि मार्च-एप्रिलात, थंड पहाटेच्या वेळी, तीच मांजरा आणि कंधारचा तोच तलाव पुन्हा पाहावा. पहिल्या भेटीत डोळ्यांना सुख मिळेल, दुसऱ्या भेटीत हिशेब कळेल. जी नदी ऑक्टोबरात सहलीचे ठिकाण असते तीच मे महिन्यात घागरीची चिंता बनते, हे मुलांना एकाच वर्षात दाखविता आले तर भूगोलाचे आणि नागरिकशास्त्राचे अनेक तास त्यात भरून निघतील.

एक सूचना करून लेख संपवितो. शाळांच्या सहली, महिला मंडळांच्या सहली, ज्येष्ठांचे मेळावे दरवर्षी निघतातच. निघताना प्रत्येक मंडळाने आपल्या गावातील एक जुनी बारव, एक खंदक किंवा एक तलाव यादीत पहिला घालावा. त्यात आज पाणी किती, गाळ किती आणि केरकचरा कोण टाकते, याची वहीत नोंद करावी आणि ती वही नगरपालिकेस दाखवावी. जगत्तुंग समुद्र बांधणाऱ्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांचा तलाव गाळाने भरू देऊन ती घेण्याचा अधिकार मात्र आपल्याला उरत नाही.