तोफांसाठी मोकळी केलेली जागा
मुंबईची आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने कोणा दूरदर्शी राज्यकर्त्याने रयतेच्या विरंगुळ्यासाठी राखली, हा समज इतिहासाला धरून नाही. किल्ल्यावर चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांना समोर मोकळे रान असावे, म्हणून कंपनी सरकारने तटाबाहेरची वस्ती हटवली. त्यातून एस्प्लनेड हे मोकळे पटांगण तयार झाले; ही मैदाने त्याचेच उरलेले भाग. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पडले आणि जागेचे लष्करी प्रयोजनच संपले. तिला सार्वजनिक केले ते तिथे रोज खेळायला येणाऱ्यांनी.

सरकारने सगळी जागा इमारतींना दिली नाही, तेव्हा श्रेय त्याचेच, असे कोणी म्हणेल. पण मोकळी जागा आणि सर्वांची जागा यांत फार अंतर आहे. १८८०च्या दशकात मूठभर युरोपियनांच्या पोलोपायी घोड्यांच्या टापांनी देशी पोरांच्या खेळपट्ट्या उखडत होत्या. खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पारशी क्रिकेटचे इतिहासकार शापूरजी सोराबजींनी १८९७ साली या झगड्याचा वृत्तांतच छापला. तोवर समुद्रकाठी पारशी, हिंदू, इस्लाम जिमखान्यांना जमिनी मिळाल्या, पण त्या धर्मवार आणि सभासदांपुरत्या. वर्गणी न परवडणारा कारकून, गिरणगावातला पोरगा मैदानावरच राहिला, आणि म्हणूनच मैदानही राहिले. मार्च २०१८ मध्ये आपल्या मागण्यांसाठी नाशिकहून पायी आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी ठाण मांडले तेही आझाद मैदानातच.