राजाराम कॉलेजची कुस्ती व एक गहाण घर



श्री मारुतिरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणां सर्वांच्या सहकार्याने पार पडला. स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असा समितीचा आग्रह पडला. मी इतिहासकार नव्हे. परंतु मारुती ही बलाची देवता, आणि आपल्याकडे बहुतेक गावांत तालीम मारुतीच्या देवळाला लागूनच असते. म्हणून कुस्तीचीच एक हकिकत सांगावी असे मनाने घेतले.

कुस्ती म्हटली की कोल्हापूरचे नाव प्रथम ओठांवर येते. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, तालमी उभ्या केल्या व १९१२ साली खासबागचे भव्य मैदान बांधून पुरे केले. त्याच कोल्हापुरातील राजाराम कॉलेज ही जुनी व नामांकित शिक्षणसंस्था. शिकलेला मुलगा तालमीत जात नाही आणि तालमीतला मुलगा शिकत नाही, असा आपला सर्वसाधारण समज आहे. ह्या कॉलेजने तो खोटा ठरविला.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म झाला. वडील स्वतः कुस्तीगीर होते. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले व पुढे राजाराम कॉलेजात दाखल झाले. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांना प्रथम घेतच नव्हते. त्यांनी थेट प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळविली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना अस्मान दाखविले, असे सांगतात.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला व खाशाबा विलायतेस गेले. आपली कुस्ती तांबड्या मातीतली. पाठ टेकली की निकाल. तिकडे कुस्ती मॅटवर, आणि डाव-पकडींचा हिशेब पंच ठेवणार. ह्या नव्या प्रकाराची फारशी सवय नसतानाही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर ते पुढच्या तयारीला लागले.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे ठरले, तेव्हा मात्र पैशाचा प्रश्न उभा राहिला. संस्थान विलीन झालेले, आणि सरकारी मदतीवर भागण्यासारखे नव्हते. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. तरीही रक्कम पुरेना. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

वाचकहो, क्षणभर येथे थांबावे. आमच्या तालुका कचेरीत कर्जाच्या बोजाच्या नोंदी रोज डोळ्यांखालून जातात. कोणाची विहिरीसाठी, कोणाची बैलांसाठी, कोणाची मुलीच्या लग्नासाठी. दुसऱ्याच्या मुलाने कुस्ती खेळावी म्हणून बोजा चढविल्याची नोंद इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली नाही. म्हणून ह्या गहाणाचे मोल मला पदकाइतकेच वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली व ती ते हरले. दमछाक झालेली असताना लगेच रशियाच्या मल्लाशी लढावयास सांगण्यात आले. मध्ये विश्रांती मिळावयास हवी होती, पण त्यांची बाजू मांडावयास आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. ती कुस्तीही हातची गेली. तरीसुद्धा २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतले दुसरे तर २००८ साली आले. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव मांगावे फेदरवेट गटात चौथे आले, हेही विसरता कामा नये.

कऱ्हाडला खाशाबांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु मला मोठी वाटते ती त्यापुढची गोष्ट. मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर ह्या गड्याने कुस्त्यांची मैदाने भरविली, मिळालेला पैसा प्राचार्यांच्या हाती ठेवला आणि त्यांचे घर सोडवून दिले. घेतलेले ऋण फेडल्याशिवाय तो स्वस्थ बसला नाही.

आपण समाज म्हणून त्याचे ऋण फेडले काय? १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले व सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हे सारे योग्यच झाले, पण पाहावयास ते स्वतः नव्हते.

असो. मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी बसते, ती बसावीच. परंतु माझी नम्र विनंती एवढीच की, कळस चढला म्हणून वर्गणीची वही बंद करू नये. मंदिराशेजारी तालमीची जागा राखावी, जमल्यास एक मॅट घ्यावी, आणि गावातील एखाद्या होतकरू पोराचे शिक्षण व खुराक ह्यांसाठी दरसाल काही रक्कम बाजूला ठेवावी. घर गहाण टाकण्याची कोणावरही पाळी येणार नाही. थोडे थोडे सर्वांनी दिले तरी पुरेल. आणि त्या पोराने नाव काढले, तर त्याच्या हयातीतच त्याची आठवण ठेवावी.

मारुतिराया आपणां सर्वांस बळ व बुद्धी देवो, हीच त्याचे चरणी प्रार्थना.

॥ बजरंगबली की जय ॥