डॉप्लरसाहेब आणि भिवंडीकरांचे डोळे

घरात एक इंजिनिअर असला की वॉशिंग मशीनपासून ईसीजीपर्यंत सगळं त्यालाच दाखवायचं असतं. तसा भिवंडीच्या मामांचा डोळ्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्याकडे आला. मामांना डायबेटिस, पंधरा वर्षांचा. रिपोर्टात पीएसव्ही, ईडीव्ही, आरआय आणि पुढे आकडे. "सोनोग्राफी पोटाची असते ना रे?" हा मामांचा प्रश्न. रास्त आहे. म्हणून विकांत त्यातच घातला.

गोष्ट सुरू होते थेट आकाशातून. १८४२ साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लरने मांडलं की जोडताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे वेगळे दिसतात. ताऱ्यांच्या रंगाबद्दल साहेब चुकले होते, पण तत्त्व पक्कं निघालं. १८४५ मध्ये बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ चक्क रेल्वेवर तुतारीवाले बसवले आणि रुळाशेजारी सुरांचे जाणकार उभे केले. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरलेला. (माणकोली नाक्यावर ट्रकचे हॉर्न ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.)

१९५० च्या दशकात ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी हाच प्रकार अल्ट्रासाउंड वापरून हृदय आणि रक्तवाहिन्यांवर केला. डोळ्याची सोनोग्राफी तेव्हा वेगळ्या वाटेने चालली होती: १९५६ मध्ये मुंट आणि ह्यूज यांचा ए-स्कॅन, १९५८ मध्ये बॉम आणि ग्रीनवूड यांचा डोळा पाण्यात ठेवून घेतलेला बी-स्कॅन. पापणीवर प्रोब टेकवून काम व्हायला १९७० चं दशक उजाडलं. पुढे जपानमध्ये कलर डॉप्लर घडला, चित्र आणि वेग एकाच पडद्यावर, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो डोळ्याच्या रक्तवाहिन्यांवर वळला.

आता थोडं गणित, सवयच आहे. पडद्याला म्हणजे रेटिनाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर. ७.५ मेगाहर्ट्झचा प्रोब धरला तर परत येणाऱ्या लहरीत फरक पडतो हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपल्या कानाला ऐकू येईल असा! ठोक्याच्या वेळचा वेग पीएसव्ही, दोन ठोक्यांमधला ईडीव्ही, आणि दोघांच्या फरकाला पीएसव्हीने भागलं की आरआय. हे गुणोत्तर १९७४ चं, फ्रान्सच्या पूर्सेलो यांचं. गंमत अशी की प्रोब थोडा तिरका धरला तरी भागाकारात कोन उडून जातो. झकास डिझाइन!

डायबेटिसमध्ये रेटिनाच्या बारीक केशवाहिन्या गळतात, बुजतात. पुढे रक्ताला अडथळा वाढला की वेग घटतो आणि आरआय वाढतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण धमनी इतकी बारीक की तिचा व्यास सोनोग्राफीवर नीट मोजता येत नाही. त्यामुळे वेग कळतो, किती रक्त गेलं ते नाही. शिवाय निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून एकट्या आरआयवर कुणी उपचार ठरवत नाही. खरी तपासणी आजही तीच, बाहुली मोठी करून आत बघायचं. हेल्महोल्ट्झने त्यासाठीचं उपकरण १८५१ मध्येच केलं होतं.

मग सोनोग्राफी कशाला? तर डोळ्यात रक्तस्राव झाला की आत काहीच दिसत नाही. प्रकाश अडतो, पण आवाज जातो. पडदा जागेवर आहे की सुटलाय, हे तेव्हा बी-स्कॅनच सांगतो. थोडक्यात, डॉक्टरांना ही तपासणी लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मामांचं तेच झालं.

उशीर का होतो? १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं बरंच काम भिवंडीच्या मागांवर आलं. तिथली पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. तपासणीसाठी थेंब घातले की काही तास नजर धूसर, म्हणजे ताण्यातला तुटलेला धागा दिसणार नाही, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आणि हा आजार आधी दुखत नाही, दिसणंही कमी होत नाही. धागा दिसतोय ना, मग डोळे ठीकच! त्यात "मी कुठे जाडा आहे?" हाही गैरसमज. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यूडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो बघा. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

आता थेंब न घालताही बहुतेकांच्या पडद्याचा फोटो काढता येणारे कॅमेरे आलेत, काही हातात मावणारे. तो फोटो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर २०१६ मध्ये गूगलने भारतातल्या डोळ्यांच्या रुग्णालयांसोबत काम करून निबंध छापला. फोटो धूसर आला तर थेंब घालावेच लागतात, पण सगळ्यांना नाही. असा कॅमेरा साखर तपासणाऱ्या साध्या दवाखान्यात, मागांच्या गल्लीतच ठेवला, तर पाळी सुटल्यावर घरी जाता जाता पाच मिनिटांत काम होईल.