दाखल वहीची गोष्ट

खडवली हे कल्याण-कसारा मार्गावरचं, टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधलं स्थानक. मुंबईकरांना ते भातसा नदीमुळे ठाऊक. सुट्टीच्या दिवशी माणसं इथं डुंबायला येतात. २६ जुलै २००५ च्या पावसात मात्र नदीच आमच्याकडे आली. आमच्या लहानशा वाचनालयात गुडघाभर पाणी शिरलं. मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. पाणी ओसरल्यावर आम्ही पोरंटोरं जमवून सफाई केली. लगदा झालेली पुस्तकं टोपल्या भरभरून बाहेर टाकली, फरशी धुतली आणि मोठं काम केल्याच्या समाधानात चहा घेतला.

काही महिन्यांनी तपासणी आली. साहेबांनी दाखल नोंदवही उघडली, कपाटांकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढी पुस्तकं कमी भरतात, ती गेली कुठं?"

"पुरात गेली, साहेब."

"पंचनामा?"

पंचनामा आम्ही करून घेतलाच नव्हता. गेलेल्या पुस्तकांची यादी नव्हती, कार्यकारिणीचा ठराव नव्हता, निर्लेखनाचा प्रस्ताव नव्हता. पूर खरा होता, नुकसान खरं होतं. कागदावर मात्र ती पुस्तकं अजून कपाटातच होती आणि ती गायब करणारे आम्ही होतो. अनुदानाचा हप्ता अडकला. चूक आम्हा पदाधिकाऱ्यांची, पण कित्येक महिने पगाराविना राहिल्या त्या आमच्या ग्रंथपाल बाई.

'एवढ्याशा पैशासाठी केवढी ही कागदपत्रं!' अशी माझी तेव्हाची तक्रार होती. त्या रागातच मी या अनुदानाचा इतिहास वाचायला घेतला आणि राग हळूहळू निवळला.

आपल्याकडची जुनी वाचनालयं बहुतेक लोकांनीच काढलेली. आमच्या शेजारचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. वर्गणी आणि देणग्या यांवर ती चालत. १९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या विकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी. माथेरानला जन्मलेले, इस्लामी कायद्याचे नामवंत विद्वान आणि त्या वेळी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. समितीने १९४० मध्ये अहवाल दिला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंतची साखळी त्यात आखली होती. सरकारने सगळीकडे नवी ग्रंथालयं उघडण्याऐवजी लोकांनी उभी केलेलीच मान्य करावीत आणि त्यांना मदत द्यावी, हे त्या आखणीचं मर्म. मध्ये महायुद्ध आलं. योजनेची अंमलबजावणी १९४७ च्या सुमारास सुरू झाली.

पुढे दोन वाटा फुटल्या. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. तिथं ग्रंथालयाला स्वतःचं उत्पन्न मिळालं. महाराष्ट्राने १९६७ चा कायदा केला, तो १ मे १९६८ पासून लागू झाला, पण उपकर घेतला नाही. सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, एवढं कायद्यात आलं. मान्यता आणि अनुदानाचे नियम १९७० मध्ये झाले. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. म्हणजे आपलं वाचनालय लोकांचंच राहिलं. पण आपण चालू आहोत, हे त्याला दरवर्षी दाखवून द्यावं लागतं. ते दाखवायचं साधन म्हणजे नोंदवह्या.

हे नीट न झालं की काय होतं, ते मे २०१२ मध्ये दिसलं. राज्यभरातल्या वाचनालयांची महसूल खात्याच्या पथकांनी पडताळणी केली. काही ठिकाणी नुसती पाटीच होती. अशांमुळे सरकारचा विश्वास उडाला, नव्या मान्यता अनेक वर्षं थांबल्या आणि प्रामाणिक वाचनालयांनाही त्याची झळ बसली. अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर व्हायला २०२२ साल उजाडलं. ग्रंथपालांचं मानधन अजूनही लाज वाटावी इतकंच आहे, हेही सांगायलाच हवं. तपासणी जितक्या काटेकोरपणे होते, तितक्याच काटेकोरपणे हप्ताही वेळेवर आला पाहिजे.

पण आपल्या हातात जे आहे, ते तरी आपण करावं. पुस्तक आलं की त्याच दिवशी दाखल करावं. क्रमांक, तारीख, बिल क्रमांक, किंमत वहीत लिहावी आणि तोच क्रमांक पुस्तकावर घालावा. मार्चअखेरीस एकदम खरेदी करून मागच्या तारखा टाकू नयेत. वर्गणीची पावती फाडावी, सभेचं इतिवृत्त सभेनंतर लगेच लिहावं. पदाधिकारी बदलला किंवा वारला, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा; नाहीतर दिवंगत अध्यक्षांच्या नावावर संस्था चालत राहते आणि एक दिवस बँकेत अडते. पुस्तकं फाटली, भिजली, वाळवीने खाल्ली, तर आधी पंचनामा, मग यादी, मग ठराव. झाडू सगळ्यात शेवटी.

माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला या वह्यांचं पूर्वी वावडं होतं. आता त्यातले शब्दच वाचत बसतो. दप्तर आणि खर्च फारसीतून आलेले, हिशेब आणि जमा अरबीतून, अनुदान संस्कृतातून. एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात बिचारे, बेरीज तेवढी जुळली पाहिजे.

बाईंचा थकलेला पगार पुढे मिळाला. आम्ही पूर्तता केली, माफीही मागितली. त्यांनी मला काही ऐकवलं नाही. फक्त दाखल वही खालच्या खणातून काढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. आजही जून लागला की कुणी न सांगता त्या ती प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि दोन गाठी मारतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)